डॉक्टर न झालेल्या पंडिता रमाबाई

पुण्याहून दौंडकडे जाणारी पॅसेंजर यवत सोडते, मग खुटबाव येतं आणि त्यापुढचं स्टेशन केडगाव. रुळांच्या दोन्ही बाजूंना ऊस, अधूनमधून गुऱ्हाळाचा धूर, सकाळच्या वेळी दुधाचे कॅन लावून निघालेल्या मोटारसायकली. आज हा भाग हिरवा दिसतो; पण दौंड तालुक्याला दुष्काळ नवा नाही. आजच्या लेखातल्या बाईंचं नाव या भागाशी जोडलं गेलं, त्यालाही दुष्काळच कारण झाला.

अशा गावांतल्या आरोग्य केंद्रांत वर्षभर विद्यार्थी येत-जात असतात. एमबीबीएस संपवलेले इंटर्न येतात, नर्सिंगच्या मुली येतात, कधी फार्मसीचे, कधी समाजकार्याचे विद्यार्थी येतात. इंटर्न ओपीडीत बसतो, नर्सिंगची मुलगी लसीकरणाच्या टेबलाशी उभी राहते, फार्मसीवाला औषधं मोजतो. डबे वेगळे खाल्ले जातात, गाड्या वेगळ्या येतात. पोस्टिंग संपते, वहीवर सही होते. महिनाभर एकाच छपराखाली काम करूनही शेजारच्या टेबलावरच्या विद्यार्थ्याचं नाव पुष्कळदा माहीत नसतं. सरकारी नोकरीच्या इतक्या वर्षांत हे चित्र मी अनेकदा पाहिलं आहे.

मग प्रश्न पडतो, की माणूस डॉक्टर किंवा नर्स नेमका कधी होतो? परीक्षा पास झाल्यावर? पांढरा कोट चढवल्यावर? वैद्यकीय शिक्षणात अलीकडे याला व्यावसायिक ओळख म्हणतात. आपण कोण आहोत, आपलं काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, दुसऱ्याचं काम कुठे सुरू होतं, रुग्णाशी आपलं नातं काय, हे आतून उमगणं म्हणजे ती ओळख. ती पुस्तकातून येत नाही. ती प्रत्यक्ष कामात आणि वेगळ्या कामाच्या माणसांबरोबर राहून घडते. हे समजून घ्यायला मला केडगावच्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य फार उपयोगी वाटतं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं आणि होता आलं नाही.

दुष्काळात संपलेलं घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवलं. रमाबाईंचं बालपण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात गेलं. देवळात, धर्मशाळेत उतरायचं, पुराणं सांगायची, जे मिळेल त्यावर राहायचं, असं ते कुटुंब होतं.

१८७० च्या दशकात दक्षिणेत भीषण दुष्काळ पडले. काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं बहुतेक पायीच देशभर फिरले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी, जात बाजूला ठेवून, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. पुढच्याच फेब्रुवारीत पती कॉलऱ्यानं गेले.

वयाच्या चोविशीत त्यांच्यापाशी एक तान्ही मुलगी, संस्कृतची विद्या आणि मृत्यूंची लांबलचक यादी एवढंच होतं. ही यादी डॉक्टरच्या नजरेनं पाहिली, तर त्यातलं फारसं काही असाध्य दिसत नाही. उपासमार, उपासमारीनं खचलेल्या शरीरात शिरलेले संसर्ग, कॉलऱ्यात शरीरातून वाहून गेलेलं पाणी. आज कॉलऱ्याचा रुग्ण वेळेवर मिठा-साखरेचं पाणी आणि सलाईन मिळाल्यावर बहुधा वाचतो. तेव्हा ते ज्ञान नव्हतं आणि जे होतं ते बायकांपर्यंत पोहोचत नव्हतं.

आयोगासमोरची साक्ष

१८८२ च्या उन्हाळ्यात रमाबाई पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या वर्तुळानं त्यांचं स्वागत केलं. त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिक्षणाची पाहणी करणारा हंटर आयोग पुण्यात आला आणि त्याच्यापुढे रमाबाईंनी मराठीत साक्ष दिली.

त्यांनी मागितलं ते थोडक्यात असं. मुलींना शिकवायला प्रशिक्षित शिक्षिका हव्यात, शाळा तपासायला स्त्रिया हव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळायला हवं. कारण परपुरुषाला नाडी दाखवायची नाही म्हणून असंख्य बायका उपचारांविना मरत होत्या. ही साक्ष इंग्रजीत भाषांतरित होऊन दूरवर गेली. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावानं जो निधी उभा राहिला, त्यामागे या साक्षीचाही वाटा होता असं मानलं जातं.

डफरिन निधीची उद्दिष्टं पाहण्यासारखी आहेत. स्त्रियांना डॉक्टर, हॉस्पिटल असिस्टंट, परिचारिका आणि सुईण म्हणून शिकवणं, बायकांसाठी दवाखाने काढणं, आणि घरोघर व रुग्णालयांत प्रशिक्षित परिचारिका व सुईणी पुरवणं. म्हणजे एकटी डॉक्टर पुरत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं. तपासायला एक जण लागतो, बाळंतपणाला दुसरा आणि रात्रभर उशाशी बसायला तिसरा.

कानांनी अडवलेली वाट

स्वतः डॉक्टर व्हावं असं रमाबाईंनी ठरवलं. पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासाचे पैसे उभे केले आणि १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं, ते अनेक वर्षं शमलं नाही.

वैद्यकीय शिक्षणाचं दार मात्र उघडलं नाही. त्यांना कमी ऐकू येत होतं आणि ते वाढत चाललं होतं. छातीचे ठोके ऐकणं हा डॉक्टरीचा पाया मानला जाण्याचा तो काळ. ऐकू न येणाऱ्या विद्यार्थिनीला त्यात जागा नव्हती. आज श्रवणयंत्रं आहेत, आवाज मोठा करणारे आणि पडद्यावर दाखवणारे स्टेथोस्कोप आहेत, कमी ऐकू येणारे डॉक्टर जगात काम करतात. रमाबाईंच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही.

इथे त्यांचं आयुष्य निराशेत अडकू शकलं असतं. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या आणि सोबत इंग्रजी, गणित, विज्ञान शिकू लागल्या. वाँटेजच्या भगिनी लंडनजवळ फुलहॅम इथे वाट चुकलेल्या मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी घर चालवत. तिथलं काम रमाबाईंनी जवळून पाहिलं. शिक्षण, राहणं, शुश्रूषा आणि हाताला काम या गोष्टी एकाच आवारात चालू शकतात, हे त्यांनी तिथे पाहिलं.

आपल्या विद्यार्थ्यांना हा भाग सांगावासा वाटतो. ज्यांना एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही आणि जे मग नर्सिंगला, फिजिओथेरपीला किंवा लॅब टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला जातात, त्यांच्यापैकी काही जण वर्षानुवर्षं स्वतःला उरलेले समजतात. घरचेही तसंच बोलतात. आपल्या कामाला स्वतःचं मोल आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. व्यावसायिक ओळख न घडण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि त्याची किंमत शेवटी रुग्ण मोजतो.

फिलाडेल्फियातला ११ मार्च

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, त्याला कारण होतं एक पदवीदान. पेनसिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाई रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं. ज्या पदवीचं स्वप्न आपल्याला सोडावं लागलं, ती दुसरीनं मिळवताना पाहायला रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या.

त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठाता होत्या रेचल बॉडली. त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या, रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. डॉक्टर घडवणाऱ्या संस्थेची प्रमुख रसायनशास्त्रज्ञ असू शकते, हे आजही आपल्याकडे अनेकांना पचणार नाही. बॉडलींनी रमाबाईंना लिहितं केलं. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना बॉडलींची होती.

त्या पुस्तकाआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयानं गेल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती, ती घ्यायला त्या पोहोचू शकल्या नाहीत. वय बावीसही पूर्ण नव्हतं. एकीला पदवी मिळाली पण आयुष्य मिळालं नाही, दुसरीला आयुष्य मिळालं पण पदवी मिळाली नाही. या दोघींच्या गोष्टी आपण नेहमी वेगवेगळ्या वाचतो. त्या शेजारी ठेवल्या की त्या काळात स्त्रीला या व्यवसायात शिरणं किती अवघड होतं ते कळतं.

अमेरिकेत रमाबाई जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. शाळा पाहिल्या, फ्रोबेलची बालवाडीची पद्धत शिकल्या, व्याख्यानं देत हजारो मैल फिरल्या. बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. १८८९ च्या सुरुवातीला त्या परत आल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

शारदा सदनात बालविधवांना शिक्षण मिळू लागलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९३ मध्ये सदनात धर्मप्रचार होतो असा आक्षेप घेऊन अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद इथे उकरायचं कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे, की ज्या मुली राहिल्या त्यांच्यातूनच पुढच्या मोठ्या संकटाला तोंड देणारी माणसं तयार झाली.

प्लेग, दुष्काळ आणि केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात घर गमावलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या. बघता बघता ती संख्या तीनशेवर गेली. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. प्लेगचा जीवाणू १८९४ मध्ये सापडला होता, हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत लस स्वतःला टोचून पाहिली होती. पण उंदराच्या पिसवांमधून रोग पसरतो हे अजून सिद्ध व्हायचं होतं. सरकारचा सगळा भर घरझडती, विलगीकरण आणि छावण्यांवर होता. अशा शहरात आणखी मुली आणून ठेवायला परवानगी नव्हती.

केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेतली होती. फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावं असा विचार होता. त्या जमिनीवर आता तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये पक्की इमारत झाली आणि तिला मुक्ती सदन हे नाव मिळालं. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, तिथली संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

याच काळात पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची काय अवस्था होते यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रातून उघडपणे लिहिलं. सदनातल्या एका मुलीच्या बाबतीत जे घडलं त्यावरून त्यांनी जाब विचारला. सरकारनं आरोप नाकारले, पण प्रकरणाचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. ज्या रुग्णालयात विश्वासाच्या, प्रशिक्षित स्त्रिया नाहीत तिथे औषध असूनही बाई सुरक्षित नसते, हाच त्यांचा मुद्दा होता. पंधरा वर्षांपूर्वी हंटर आयोगापुढे त्यांनी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं होतं.

मुक्तीत कोण कोणाला शिकवत होतं

दुष्काळातून आलेल्या मुलींची अवस्था डॉक्टरला लगेच डोळ्यांपुढे येईल. हाडांवर चिकटलेली कातडी, सुजलेले पाय, तोंडात जखमा, डोक्यात उवा, जुलाब. अशा शरीराला एकदम पोटभर जेवण देणं धोक्याचं असतं. उपाशी शरीर क्षारांचा तोल सांभाळत कसंबसं चाललेलं असतं. अन्नाचा मारा झाला की तो तोल ढासळतो आणि हृदय थांबूही शकतं. म्हणून आज तीव्र कुपोषित बालकांना पोषण पुनर्वसन केंद्रात थोडं थोडं, ठरावीक अंतरानं, रात्रीसुद्धा भरवतात.

हे काम डॉक्टर एकट्यानं करू शकत नाही. कुपोषणाचं निदान डॉक्टर करेल. पण रात्री दोन वाजता मुलीनं चार चमचे घेतले की थुंकले, हे भरवणारीलाच माहीत असतं. जुलाब पाण्यामुळे होतोय की अन्नामुळे, हे स्वयंपाकघर आणि विहीर पाहणाऱ्याला आधी कळतं. मूल बोलत नाही ते अशक्तपणामुळे की भीतीमुळे, हे शिकवणारी ओळखते.

मुक्तीत मोठ्या मुलींनी आणि शारदा सदनाच्या विद्यार्थिनींनी ही जबाबदारी उचलली. कालपर्यंत शिकणाऱ्या मुली नव्या मुलींच्या शिक्षिका झाल्या, देखरेख करणाऱ्या झाल्या, शुश्रूषा करणाऱ्या झाल्या. आवारात विणकाम होतं, शिवण होतं, तेलघाणा होता, गाईगुरं होती, छापखाना होता. मुली अक्षरं जुळवायच्या, छपाई करायच्या. शुश्रूषेचं शिक्षणही त्यातलंच एक. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती आणि त्यांना ब्रेल शिकवलं जाई.

मुक्ती म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथे धर्माचं स्थान मोठं होतं, शिस्तही कडक होती. पण तिथली एक गोष्ट आजच्या आरोग्य शिक्षणाला शिकण्यासारखी आहे. शुश्रूषा शिकणारी मुलगी, शिकवायला शिकणारी मुलगी आणि गोठा सांभाळणारी मुलगी एकाच अंगणात होत्या. एकीचं काम थांबलं की दुसरीचं अडतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

रमाबाईंच्या कामाचा दुसरा धागा पुण्यातही पुढे गेला. १८८२ च्या आर्य महिला समाजात त्यांच्यासोबत असलेल्या रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुणे सेवासदन उभं केलं आणि सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. नर्स होणं कमीपणाचं मानलं जात होतं तेव्हा त्या वॉर्डात उभ्या राहिल्या. आज पुण्यात नर्सिंगचा गणवेश मानानं घालणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मागे ही परंपरा आहे.

१९१९ मध्ये सरकारनं रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. तिच्यामागे नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी रमाबाई केडगावला गेल्या.

आज एकत्र शिकणं म्हणजे काय

एकत्र शिकण्याचा विचार आता जगभर मान्य झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८८ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये, वेगवेगळ्या आरोग्य व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकावं असं सांगितलं. स्वीडनमधल्या लिंकोपिंग इथे १९९६ मध्ये एक प्रशिक्षण वॉर्ड सुरू झाला. तिथे वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी देखरेखीखाली काही दिवस मिळून वॉर्ड चालवतात. रुग्णाला उठवणं, अंघोळ घालणं, अंथरूण बदलणं हे भावी डॉक्टरही करतात. पुढे अनेक देशांत असे वॉर्ड निघाले. तिथून बाहेर पडणारे विद्यार्थी सहसा सांगतात, की दुसऱ्याचं काम कळलंच, पण त्याहून जास्त आपलं स्वतःचं काम कळलं. वेगळेपण पुसलं जात नाही, उलट ते नीट दिसू लागतं.

अर्थात याला जादू समजू नये. २०१३ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात अशा शिक्षणावरचे १५ अभ्यास तपासले गेले. त्यातल्या सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र आणि चारांत काहीच नाही. नुसतं एका खोलीत बसवून उपयोग नाही, काम एक असावं लागतं.

आपल्याकडे विचार जुना आहे. १९४६ च्या भोर समितीनं समाजाशी जोडलेल्या डॉक्टरची कल्पना मांडली. १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडण्याची योजना आली. आता एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं दत्तक दिली जातात. २०२१ च्या कायद्यानं फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन अशा व्यावसायिकांना स्वतंत्र आयोग मिळाला. पण प्रत्येकाची परिषद वेगळी, परीक्षा वेगळी, वेळापत्रक वेगळं. गाव मात्र एकच असतं.

एक उदाहरण घ्या. ऊसतोडीला आलेली गरोदर बाई. तिचं हिमोग्लोबिन लॅब टेक्निशियननं मोजलं, ते साडेसात आलं. गरोदरपणात अकराच्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि सातच्या खाली म्हणजे तीव्र. इंटर्ननं लोहाच्या गोळ्या लिहिल्या, फार्मसीतून त्या मिळाल्या. महिन्यानंही आकडा तिथेच. इंटर्न गोळीचं प्रमाण वाढवण्याचा विचार करतो. आशाताईंना मात्र माहीत आहे, की शौचाला काळं होतं म्हणून बाईनं घाबरून गोळ्या बंद केल्या आहेत. आरोग्यसेविकेला माहीत आहे, की घेते तेव्हाही ती पहाटे रिकाम्या पोटी चहाबरोबर घेते आणि चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. टोळी पुढच्या आठवड्यात गाव सोडणार, हे मुकादमाशी बोललेल्या आरोग्यसेवकाला ठाऊक आहे. पाच जणांकडे पाच तुकडे आहेत. ते एका ठिकाणी आले नाहीत तर ती बाई बाळंतपणाच्या रक्तस्रावात दगावू शकते. इंटर्ननं जर एक दिवस आशाताईंबरोबर कोपीवर जाऊन घालवला, तर आपण फक्त चिठ्ठी लिहिणारे नाही हे त्याला त्याच दिवशी कळेल. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला कळेल, की तिनं सांगितलेली गोष्ट उपचार बदलू शकते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. एका केंद्रात एकाच वेळी आलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना मिळून चार-पाच कुटुंबं द्यावीत. सगळ्यांची एकच वही असावी. आठवड्यातून एकदा अर्धा तास सगळ्यांनी, आशाताई आणि सिस्टरसह, त्या कुटुंबांवर बोलावं आणि बोलण्याची सुरुवात डॉक्टरनं करू नये. प्रत्येकानं एक दिवस दुसऱ्याच्या कामाबरोबर काढावा. सही देताना वरिष्ठांनी एकच प्रश्न विचारावा, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडून तू काय शिकलास?

वाचकांचाही यात वाटा आहे. आशाताईंबरोबर एखादा संकोचलेला विद्यार्थी तुमच्या दारात आला, तर त्याला बसायला सांगा, दोन गोष्टी मोकळेपणानं बोला. मोठे डॉक्टर कुठे आहेत, असं विचारून त्याच्याबरोबरच्या नर्सिंगच्या मुलीला बाजूला सारू नका. तुमच्या घरात त्या दोघांना जसं वागवलं जातं, त्यावरून ते एकमेकांना कसं वागवायचं ते शिकतात.

रमाबाईंना वैद्यकीय महाविद्यालयानं दार उघडलं नाही. पण डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका आणि सुईण अशा सगळ्याच मिळून बाईचा जीव वाचवतात, हे त्यांना पदवी असलेल्या अनेकांच्या आधी दिसलं होतं. केडगाव आणि खुटबावच्या परिसरात पोस्टिंगला येणाऱ्या मुलांनी स्टेशनवर उतरताना तेवढं एक लक्षात ठेवलं, तरी त्यांच्या वहीतल्या सहीला अर्थ येईल.